चौसष्टावा चौकोन

३१ जानेवारी, शुक्रवार

आज आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं अक्षर स्वतःच्या हाताने पुसलं.

केंद्राची पाटी, सहा फूट बाय अडीच फूट, नऊ वर्षांपूर्वी मीच रंगवलेली. वर ‘आधार केंद्र’ ठसठशीत, खाली बारीक अक्षरांत परदेशी संस्थेचं नाव आणि तिचं गोल चिन्ह. सकाळी नर्सबाईंचा निरोप आला की पांढरा रंग घेऊन या. गेलो तर खुर्च्या एकात एक रचून दारात, संगणक खोक्यात, कपाटाला सील. परदेशातून दीड पानाचं पत्र आलं आणि निधी आजपासून बंद. नर्सबाई, दोन समुपदेशक, घरोघर गोळ्या पोचवणाऱ्या चार बाया, सगळ्यांचं काम एका पत्रात संपलं.

खालची ओळ पुसली. नर्सबाई म्हणाल्या, वरचीही पुसा, केंद्रच नाही तर पाटी कसली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पुसली.

पांढऱ्याच्या एका हाताने काळं अक्षर झाकत नाही, दोन हात द्यावे लागतात. मी एकच दिला. वाळल्यावर अक्षर खालून दिसणार, हे मला माहीत होतं.

हे सगळं मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. पुढून मापं, मागून मन. सातवीपर्यंत शिकलो, बाकीचं भिंतींनी शिकवलं, पण अजून माझ्या एकाही पाटीत चूक निघालेली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्वतःच्या गोळ्या आणायला सरकारी इस्पितळात गेलो. एचआयव्ही निघाल्याला मला अकरा वर्षं झाली. रोज रात्रीच्या जेवणाबरोबर एक गोळी, अकरा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. मला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. केंद्रात मी जायचो तो पाट्या रंगवायला, सूचना लिहायला, चार शब्द बोलायला. गोळ्यांसाठी कुणी माझ्या दारात आलेलं नाही आणि येणारही नाही.

औषधं सरकारकडून अजून येतात, पण औषधांच्या खिडकीवरची माणसं त्याच परदेशी निधीतली होती. आता खिडकी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, एकला बंद. साडेअकराला मी मोजलं तेव्हा रांगेत एकशे बारा जण होते. माझ्यापुढे आमच्याच केंद्रातला एक ट्रक ड्रायव्हर होता. बारा वाजता त्याने घड्याळ पाहिलं, गाडी भरून उभी आहे म्हणाला, आणि निघून गेला. महिन्याच्या गोळ्यांची डबी न घेताच. याआधी त्याची डबी केंद्रातल्या बाया त्याच्या बायकोकडे पोचवत.

खिडकीशेजारी तरुण डॉक्टर उभे होते. ते कुणाशी तरी बोलत होते, मी ऐकलं. म्हणाले, केंद्र बंद पडलं की तीन महिन्यांत तिसरा हिस्सा माणसं गळतात, सगळीकडे असंच होतं.

सांगितलं असं, जणू पानगळीबद्दल बोलतायत. घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेत खडा गेल्यासारखं टोचत होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शिंपीणबाईंच्या दुकानामागच्या खोलीत जमलो. शिंपीणबाई म्हणजे आमच्या केंद्रातली सगळ्यात तिखट जीभ. खोली त्यांनीच देऊ केली. म्हणाल्या, शिंप्याकडे कोण का आलं हे कुणी विचारत नाही, बाहीचं माप द्यायला आलो म्हणायचं. खोली बारा फूट बाय दहा. उत्तरेकडची भिंत कोरी, ओल नाही. ती मी शिरल्याबरोबर हेरली.

नर्सबाई बिनपगारी आल्या. चौदा जण आले होते. रडारड झाली थोडी, मग ड्रायव्हर म्हणाला की गाडीचं चाक पंक्चर झालं की आम्ही रडत नाही, जॅक शोधतो. बोलणं त्याला छान येतं. रांगेत उभं राहणं येत नाही.

मी माझी योजना मांडली. प्रत्येकाने दर महिन्याला एकेक दिवस बुडवून रांगेत उभं राहायचं, हे जमणारं नाही. आठ-आठ जणांच्या ओळी करायच्या. ओळीतला एक जण पाळीने जाईल आणि आठांच्या डब्या आणेल. कोणाची आली, कोणाची राहिली, ते भिंतीवर दिसेल. वही नको, वही उघडी पडते. नाव नको. प्रत्येकाला एक चौकोन आणि चौकोनात एक चित्र. डबी हातात पडली की चित्राखाली एक ठिपका.

शिंपीणबाईंनी विचारलं, त्यांना कात्री देणार का. मी नियम सांगितला: कुणालाही त्याच्या धंद्याचं चित्र मिळणार नाही, नाहीतर नाव लिहिल्यासारखंच झालं. मग त्यांनी जहाज मागितलं. समुद्र कधी पाहिलाय का, विचारलं. नाही पाहिला म्हणूनच, म्हणाल्या. ड्रायव्हरला सिंह हवा होता. सव्वापाच इंचांच्या चौकोनात सिंह मांजरासारखा दिसतो. त्याला चहाची किटली दिली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाई आणि मी डॉक्टरांकडे. मी योजनेचा नकाशा मोजपट्टीने आखून नेला होता. त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, आर्किटेक्ट आहात का. मी म्हटलं, पेंटर. पाट्यांचा.

त्यांची काळजी अशी की एक माणूस इतरांची इस्पितळाची कार्डं गठ्ठ्याने घेऊन येईल आणि डब्या भलतीकडे जातील. मी म्हटलं, मर्यादा घाला. एका माणसाला आठ कार्डं. नववं नाही, मग तो कोणीही असो. ते त्यांना पटलं, लगेच कागदावर लिहून घेतलं. नियम माझा, सही त्यांची.

अट मात्र त्यांनी घातली. मार्च, एप्रिल, मे, तीन महिने चाचणी. तुमच्या केंद्राच्या यादीतल्या प्रत्येकाची डबी दर महिन्याला शेवटच्या खिडकीच्या आत गेली पाहिजे. एकही माणूस सुटला तर योजना बंद, पुन्हा ज्याने त्याने रांगेत यायचं. ते म्हणाले, मला वरती उत्तर द्यावं लागतं.

मी उठता उठता म्हटलं, तुमचा तिसरा हिस्सा तीन महिन्यांनी आकड्यात दाखवतो. नर्सबाईंनी माझी बाही ओढली.

२ मार्च, रविवार

भिंत पुरी झाली. सांगायलाच हवं की काम उत्तम झालंय. खडूच्या दोऱ्याने रेघा मारल्या, बेचाळीस इंचांचा पट, आठ आडवे आठ उभे, प्रत्येक चौकोन सव्वापाच इंच. छत्री, शिडी, कुलूप, कंगवा, घंटा, मासा, खुर्ची, किल्ली. किल्लीचे दात सुद्धा मोजून घ्यावेत.

एकच खुपतंय. माणसं त्रेसष्ट. शेवटच्या, आठव्या ओळीत सातच जण, उजवीकडचा कोपऱ्यातला चौकोन रिकामा. दात पडल्यासारखा दिसतो. नक्षी काढून भरावा का, असं मनात आलं, पण खोटं कशाला.

नर्सबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, “पेंटर, सगळे धरलेत ना?”

मी म्हटलं, “सगळे.”

त्या पिशवी उचलून निघाल्या. दमल्या असाव्यात. दिवसा एका दवाखान्यात इंजेक्शनं टोचतात, संध्याकाळी आमच्याकडे.

२८ मार्च, शुक्रवार

पहिला महिना पार पडला. भिंतीवर त्रेसष्ट ठिपके, सगळे एका मापाचे.

इस्पितळातून मात्र निरोप: चौसष्टपैकी चौसष्ट. मी कारकुनाला म्हटलं, चौसष्ट नव्हे, त्रेसष्ट. तो म्हणे संगणकात चौसष्ट आहेत. मी म्हटलं, संगणकाने भिंत पाहिलेली नाही. डॉक्टरांपर्यंत गेलो. ते हसून म्हणाले, एक जास्त असला तर बिघडलं काय, कमी नाही ना. डिग्री वेगळी आणि मोजणी वेगळी. माझ्या पाटीवर एक अक्षर जास्त असतं तर लोकांनी मला सोडलं असतं का?

१८ एप्रिल, शुक्रवार

शिडीचा पाय मोडला. म्हणजे ज्याचं चित्र शिडी आहे तो गवंडी परांचीवरून पडला. पूर्वी असं झालं असतं तर सहा महिने त्याचा पत्ता लागला नसता. त्याच्या ओळीतल्या कंगव्याने डबी घरी पोचवली, घंटेने दोन दिवस जेवण नेलं, आणि कुलूप म्हणवणारी बाई, जी फेब्रुवारीत कुणाशी नजर मिळवत नव्हती, ती त्याच्या बायकोला प्लास्टर कापायची तारीख ठणकावून सांगून आली. मी यातलं काही आखलेलं नव्हतं. मी फक्त ओळी आखल्या होत्या.

माझी डबी मंगळवारीच आणली. नेहमीसारखी, एकट्याने.

५ मे, सोमवार

ड्रायव्हर संध्याकाळी घरी आला. ढाब्यावर झोपला असताना पिशवी गेली, पिशवीत डबी. उद्या पहाटे गाडी घेऊन निघायचंय, दहा दिवसांनी परतणार. नर्सबाईंकडे जा म्हटलं तर मान खाली. डबी हरवली हे कळलं तर योजना बंद पडेल, माझ्या एकट्यापायी त्रेसष्ट जण रांगेत जातील, म्हणाला. सिंह मागणारा माणूस, बोलताना आवाज किटलीच्या वाफेएवढा.

माझ्या डबीत दहा गोळ्या उरल्या होत्या. त्याच्या औषधाची चिठ्ठी आणि माझी, दोन्ही तीनतीनदा वाचून पाहिल्या. औषध तेच, ताकद तीच. दिल्या. माझी पुढची तारीख पंधरा. दहा दिवस. अकरा वर्षं न चुकलेल्या माणसाच्या अंगात तेवढी शिल्लक असणारच.

७ मे, बुधवार

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, रोज रात्री ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवते. गोळीसाठीचा वेगळा, काचेचा. मी गेली अकरा वर्षं त्याच पेल्याने गोळी घेतो. आज मी नुसतं पाणी प्यायलो. ती बघत होती. मी म्हटलं, उकाडा फार आहे.

१२ मे, सोमवार

ताईला अचानक शिवणाचं वेड लागलंय. आज आठवड्यात तिसऱ्यांदा शिंपीणबाईंकडे गेली, उशांचे अभ्रे शिवायला. घरात उशा तीन, अभ्रे सात. विचारलं तर म्हणते पाहुणे आले तर. आमच्याकडे शेवटचे पाहुणे कधी आले ते तिलाही आठवणार नाही.

१६ मे, शुक्रवार

आज तिसऱ्या ओळीची पाळी, आणणारा ड्रायव्हर. तो रस्त्यात अडकला, दुपारनंतर पोचणार. त्याच्या बायकोकडून आठ कार्डं घेतली आणि मी गेलो. पहाटे सहाला रांगेत, अकराला खिडकीशी. आठ डब्या घेतल्या. नववं कार्ड माझं होतं.

कारकून म्हणाला, आठच. मी म्हटलं, मला माहीत आहे, नियम मीच केलाय. कार्ड खिशात घातलं. पुन्हा मागे जाऊन उभा राहिलो, पण एक वाजता खिडकी लागली तेव्हा पुढे एकोणीस जण होते.

तिसरी ओळ पूर्ण. ड्रायव्हरच्या किटलीखाली ठिपका मी स्वतः दिला.

२० मे, मंगळवार

अंगात कणकण. उन्हाचा ताप असावा. पडून राहिलो. शुक्रवारी जाईन.

शिंपीणबाई डोकावून गेल्या. कधी येत नाहीत. माझी बाही मोजायला आल्या होत्या म्हणे, सदरा शिवणार आहेत. मी काही सदरा टाकलेला नाही. कपाळाला हात लावून गेल्या. कपाळाचं माप कुठल्या सदऱ्याला लागतं?

२३ मे, शुक्रवार

आज पाचवी ओळ. आणणारे आजोबा, त्यांना उभं राहवत नाही. म्हणून पुन्हा मी, पुन्हा आठ कार्डं, पुन्हा नववं खिशात. खिडकीशी पोचलो तेव्हाच पाऊण वाजला होता.

नर्सबाई संध्याकाळी आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. इस्पितळाचा निरोप आहे. सगळ्या ओळींच्या तारखा धरून हिशेब केला तर एक माणूस मागे पडलाय. तारीख उलटून आठ दिवस झाले. नाव सांगत नाहीत, तो त्यांचा नियम. आता खिडक्या उरल्या दोन, मंगळवार आणि शुक्रवार. तेवढ्यात तो आला नाही तर योजना संपली.

मी भिंतीपुढे उभा राहून एकेक ठिपका बोट ठेवून मोजला. तारीख उलटलेला एकही चौकोन नाही. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही बरे आहात ना. मी म्हटलं, ठणठणीत. मला नका बघू, तो माणूस बघा.

२६ मे, सोमवार

तीन दिवस वणवण. छत्रीच्या घरी गेलो, मासा, खुर्ची, किल्ली, एकेकाच्या दारात जाऊन डबी डोळ्यांनी पाहिली, गोळ्या मोजल्या. घंटा रागावली, म्हणाली पोलीस आहात का. मी म्हटलं, असतो तर सापडला असता. एकवीस जिने चढलो. पूर्वी जिन्याने दम लागत नव्हता.

कोण असेल तो? त्याला कळत नाही का, की एकटा गप्प बसून तो सगळ्यांना खड्ड्यात घालतोय? त्रेसष्ट जणांनी एकमेकांना सांभाळून आणलं आणि हा एक शहाणा, कुणाला काही न सांगता बसलाय. सापडला तर चार शब्द सुनावणार आहे, शिंपीणबाईंनाही तसं सांगून आलो. वाक्यं तयार आहेत.

२७ मे, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

आज आठव्या ओळीची पाळी होती, शिंपीणबाईंची. दोनच्या सुमारास त्यांचा निरोप आला की मागच्या खोलीत या. गेलो. ड्रायव्हर होता, नर्सबाई होत्या, ताई कोपऱ्यात मांडीवर अभ्रे घेऊन बसली होती. शिंपीणबाईंनी पिशवी कापायच्या टेबलावर रिकामी केली आणि म्हणाल्या, मोजून घ्या, तुमच्याशिवाय कुणाचं मोजणं खरं नाही.

मोजल्या. आठ. मी म्हटलं, आठ कशा, आठवी ओळ सातांची. त्या म्हणाल्या, परत मोजा. परत आठ. तिसऱ्यांदा डब्यांवरचे नंबर वाचत गेलो. सात नंबर ओळखीचे. आठवाही ओळखीचाच होता. अकरा वर्षं माझ्या कार्डावर आहे.

कार्ड ताईने माझ्या सदऱ्याच्या खिशातून काढलं होतं. एका माणसाला आठ कार्डं, आणि शिंपीणबाईंच्या ओळीत एक जागा रिकामी. नियमाचा काना-मात्रा न हलवता माझी डबी आली.

ताई अभ्रे बाजूला ठेवून बोलली. “आई दहा मूर्खांची गोष्ट सांगायची. नदी उतरल्यावर प्रत्येक जण मोजतो आणि नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. सगळ्यांत मोठ्याने तू हसायचास.”

मी नर्सबाईंना विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला आमच्यात भिंतीवर यायचं नसेल. काहींना नको असतं. म्हणून गप्प बसले. चूक झाली माझी.”

त्यांची चूक नव्हती. मी हे आज लिहून ठेवतो. मला खरंच सुचलं नव्हतं, आणि का सुचलं नव्हतं तेही आता कळतंय. मी रंगवणारा. रंगवणारा कधी पाटीवर नसतो.

मग ड्रायव्हरने दहा गोळ्यांची हकीकत सांगून टाकली आणि नर्सबाई आम्हा दोघांवर अशा बरसल्या की पुढे दुकानात मशीनवर बसणारी मुलगी शिवण थांबवून ऐकायला लागली. गोळ्या वाटून घ्यायच्या नसतात, हे नऊ वर्षांत किती वेळा सांगितलं, डबी हरवली तर त्याला उपाय असतो, लपवण्याला नसतो. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी होतं. शिंपीणबाई मला म्हणाल्या, चार शब्द सुनावणार होतात ना त्या माणसाला, सुनावा आता.

मी त्याऐवजी डबीचं झाकण उघडलं.

ताईने काचेचा पेला घरून पदराखाली आणला होता. मी सगळ्यांदेखत गोळी घेतली. एवढ्या लोकांसमोर मी कधी भिंतही रंगवलेली नाही.

३० मे, शुक्रवार

इस्पितळाच्या आकड्यात चौसष्टपैकी चौसष्ट. शेवटच्या खिडकीच्या आत. चाचणी पास.

पण आकडा तपासून घ्यायची माझी सवय. तीन आठवडे मी गोळीविना होतो, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. शिंपीणबाई म्हणाल्या, कशाला सांगता, पदरात पडलंय ते घ्या. नर्सबाई म्हणाल्या, तब्येतीसाठी तरी सांगायला हवं. मी म्हटलं, पाटी चुकीची असेल तर ती लोंबकळत ठेवायची नाही. आणि एकटाच आत गेलो.

सगळं सांगितलं. दहा गोळ्या, दोन शुक्रवार, नववं कार्ड. त्यांनी आधी माझी नीट तपासणी केली, रक्त घ्यायला सांगितलं, ऑगस्टमध्ये पुन्हा घेऊ म्हणाले. मग मी विचारलं, योजना बंद करणार का. एक माणूस सुटला होता.

ते खुर्चीत मागे टेकले. “सुटलेल्याला शोधून आणलं कुणी? माझ्या संगणकाने?”

मी म्हटलं, “आठव्या ओळीने. आणि माझ्या बहिणीने.”

“मग बंद कशाला करू? माझ्या खिडकीतून जो निसटतो, त्याला मी पुन्हा पाहत नाही. तुमच्याकडे सात दिवसांत सापडला.”

मी दुरुस्त केलं. तारीख पंधराची, डबी सत्तावीसला. बारा दिवस. त्यांनी बारा लिहून घेतलं.

बाहेर आवारात सगळे थांबले होते. मी नुसती मान हलवली. ड्रायव्हरने ट्रकचा भोंगा इतका वेळ वाजवला की पहारेकरी धावत आला.

८ जून, रविवार

मी चार दिवस बाहेरगावी शाळेची भिंत रंगवायला गेलो होतो. परत आलो तर कोपऱ्यातला चौकोन भरलेला.

रूपरेषा शिंपीणबाईंनी शिवणाच्या खडूने काढली, रंग ताईने भरला, किटलीने मदत केली असं किटलीचंच म्हणणं आहे. नियम मात्र पाळला होता, ब्रश काढला नव्हता. पाण्याचा पेला काढला होता. त्यासाठी माझा चार नंबरचा गोल ब्रश वापरला आणि टर्पेंटाइनमध्ये न बुडवता तसाच ठेवला. ब्रश गेला. बारा वर्षांचा होता.

पेला डावीकडे कललाय. डावी कड उजवीपेक्षा दोन सूत खाली. पाण्याची रेघ कडेला समांतर नाही, म्हणजे अशा पेल्यातलं पाणी सांडलंच पाहिजे. काचेला चकाकी दाखवायला पांढरा फटका हवा, तो नाही. मी दुसरा ब्रश हातात घेऊन पाच मिनिटं उभा होतो. मग फक्त खाली एक ठिपका दिला आणि ब्रश धुऊन ठेवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

रक्ताचे निकाल आले. वर्षातून एकदा होणारी ती तपासणी, ज्यात कळतं की गोळ्यांनी विषाणू दाबून धरलाय की नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिडी काठी टेकत आला. फेब्रुवारीत चौदा होतो, आज दाराबाहेर पायरीवरही माणसं होती. नर्सबाई नाव न घेता चित्र वाचायच्या आणि मी त्या चित्राच्या शेवटच्या ठिपक्याभोवती लाल कडं काढायचो. छत्री, विषाणू आढळला नाही. शिडी, आढळला नाही. कुलूप, आढळला नाही. जहाजाला शिंपीणबाईंनी डोळे मिटून घेतले होते. उघडल्यावर म्हणाल्या, एवढं हळू का वाचताय, मला गिऱ्हाईकं आहेत.

त्रेसष्ट कडी झाली. हात स्थिर होता, तेवढं माझ्या धंद्याने मला शिकवलंय. नर्सबाई थांबल्या, चष्मा पुसला.

“पेला. आढळला नाही.”

ते कडं मला नीट गोल जमलं नाही.

चौसष्टपैकी चौसष्ट. एकही गळलेला नाही. डॉक्टर स्वतः भिंत बघायला आले होते, शेजारच्या तीन वस्त्यांतली माणसं सोबत घेऊन. त्यांचीही केंद्रं त्याच पत्राने बंद पडली. पुढच्या रविवारपासून त्यांच्या भिंती आखायच्या आहेत, मी खडूचा दोरा नवा आणलाय. प्रत्येक भिंतीत आखणाऱ्याचा चौकोन पहिला, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं.

जुनी पाटीही परत आली. घरमालक टाकणार होता, ड्रायव्हरने ट्रकमध्ये घालून आणली. एका हाताच्या पांढऱ्याखालून ‘आधार केंद्र’ तसंच दिसत होतं. त्यावरून नुसता ब्रश फिरवला. रस्त्यावर लावणार नाही, आतल्या खोलीत भिंतीच्या वर टांगली. खालची ओळ, जिथे परदेशी संस्थेचं नाव होतं, ती कोरीच ठेवली. ड्रायव्हरने तिथे सिंहासाठी अर्ज केलाय. विचाराधीन आहे.

डॉक्टर जाता जाता वाकून भिंत न्याहाळत होते. म्हणाले, बाकी सगळी चित्रं इतकी रेखीव, मग हा एक पेला असा वाकडा कसा?

ताई माझ्याकडे बघत होती, शिंपीणबाई छताकडे.

मी म्हटलं, “तो बरोबर आहे.”